मुद्दल राखणारा व्यायाम



व्यापारी घरात वर्षअखेरीचा हिशेब मिटविताना घसारा धरण्यास कोणी विसरत नाही. टेम्पो असो, वजनकाटा असो वा दुकानातील कपाटे असोत, त्यांची किंमत वर्षभरात किती उतरली हे आपण कागदावर मांडतो आणि नव्या खरेदीची तरतूदही वेळीच करतो. ज्या देहाच्या आधारावर हा सारा पसारा उभा आहे, त्याचा घसारा मात्र कोणत्याही वहीत चढत नाही. तो होत असतो, हे निश्चित. वयाची तिशी ओलांडली की, विशेष प्रयत्न न केल्यास, दर दहा वर्षांत सुमारे ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. १९८९ मध्ये अमेरिकेतील संशोधक अर्विन रोझेनबर्ग यांनी या झिजेला 'सार्कोपेनिया' असे नाव सुचविले. ग्रीक भाषेतील 'मांस' आणि 'दारिद्र्य' अशा अर्थांच्या दोन शब्दांपासून ते बनले आहे.

हे दारिद्र्य घरात येते ते पाऊल न वाजविता. प्रथम गादीवरून उठताना हात टेकावा लागतो. मग माळ्यावरचा माल काढण्यास मुलाला हाक मारावी लागते. सामायिकासाठी कटासनावर बसणारी आजी खुर्ची मागू लागते. पालीताण्याच्या साडेतीन हजारांहून अधिक पायऱ्या ज्यांनी पूर्वी पायी चढल्या, ते पुढील यात्रेत डोलीची चौकशी करतात. 'वय झाले' एवढ्या दोन शब्दांत आपण या सर्वांचे स्पष्टीकरण देऊन मोकळे होतो. वय होते हे खरे; परंतु यातील मोठा भाग वयामुळे नसून न वापरल्यामुळे गेलेला असतो, आणि तो बऱ्याच अंशी परत मिळविता येतो. या लेखाचा विषय तोच आहे: घरच्या घरी, साध्या वजनांच्या आणि रबरी पट्ट्यांच्या साहाय्याने करावयाचा बलवर्धक व्यायाम.

चालणे पुरेसे का नाही?

आपल्या समाजातील अनेक वडीलधारी मंडळी पहाटे नियमाने फिरावयास जातात. ही सवय उत्तमच आहे. हृदय, रक्तदाब व मन या तिन्हींस तिचा लाभ होतो. परंतु चालण्यामुळे हात, खांदे, पाठ आणि मांड्या यांवर इतका भार पडत नाही की स्नायूंनी वाढावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सांगितली आहे. त्याच्या जोडीला आठवड्यातून किमान दोन दिवस शरीरातील सर्व मोठ्या स्नायूगटांचा बलवर्धक व्यायाम स्वतंत्रपणे सांगितला आहे. एकाची भरपाई दुसऱ्याने होत नाही.

याला आणखी एक कारण आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात मधुमेहींची संख्या दहा कोटींहून अधिक आहे. दिवसभर बैठे काम आणि सणासुदीला मिष्टान्न हा आपल्या घरांतील परिपाठ पाहता, आपले कुटुंब या संख्येबाहेर आहे असे फार थोड्यांना म्हणता येईल. भोजनानंतर रक्तात उतरलेली साखर साठवून ठेवणारे शरीरातील सर्वांत मोठे कोठार म्हणजे स्नायू. कोठार लहान झाले की माल रस्त्यावर पडून राहतो, हे व्यापाऱ्याला निराळे सांगावयास नको.

'आता या वयात काय?'

हा प्रश्न हमखास विचारला जातो. त्याचे उत्तर बोस्टन येथील एका वृद्धाश्रमात मिळाले आहे. मारिया फियातारोने या वैद्यकीय संशोधिकेने १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नव्वदीच्या आसपासच्या दहा दुर्बल वृद्धांना आठ आठवडे पायांचा वजनी व्यायाम देण्यात आला. त्यांच्या पायांची ताकद सरासरीने १७४ टक्क्यांनी वाढली. १९९४ मध्ये त्याच संशोधिकेने सरासरी ८७ वर्षे वयाच्या शंभर वृद्धांवर हाच प्रयोग दहा आठवडे केला. तेव्हाही ताकद दुपटीहून अधिक झाली आणि चालण्याची गती सुधारली. ज्यांना व्यायामाविना नुसताच पौष्टिक आहार दिला, त्यांच्यात मात्र तसा फरक पडला नाही. हे प्रयोग तज्ज्ञांच्या देखरेखीखाली झाले होते, हे ध्यानात ठेवावे. तरीही नव्वदीत जे साधते ते साठीत साधणार नाही असे मानण्याचे कारण उरत नाही.

आपण आज कोठे आहोत हे पाहण्याची एक सोपी रीत आहे. हात नसलेली, न हलणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. तिच्यावर बसून दोन्ही हात छातीवर घडी घालावेत आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठून बसता येते ते मोजावे. साठ ते चौसष्ट वर्षांच्या पुरुषाला १४ आणि स्त्रीला १२ पेक्षा कमी वेळा जमल्यास, तसेच सत्तर ते चौऱ्याहत्तर वर्षांच्या पुरुषाला १२ आणि स्त्रीला १० पेक्षा कमी वेळा जमल्यास, पायांचे बळ त्या वयाच्या सरासरीहून उणे आहे असे समजतात. ज्यांना तोल जाण्याची भीती वाटते त्यांनी ही चाचणी कोणी शेजारी उभे असतानाच करावी. आलेला आकडा लिहून ठेवावा; तीन महिन्यांनी तो पुन्हा उपयोगी पडेल.

घरातील स्त्रिया

'घरात एवढे काम असते, तोच आमचा व्यायाम', असे आपल्या घरांतील स्त्रिया सांगतात आणि पुरुष ते सोयीस्करपणे मान्य करतात. घरकामाने दमणूक होते यात शंका नाही. परंतु रोज तेच ओझे, त्याच पद्धतीने, बहुधा वाकून उचलले जाते. शरीर त्या ओझ्याला सरावते आणि पुढे बळ वाढत नाही. पाठ मात्र दुखू लागते. रजोनिवृत्तीनंतर तर हाडांची घनताही वेगाने घटते. ऑस्ट्रेलियात २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हाडे विरळ झालेल्या, रजोनिवृत्त अशा शंभरएक स्त्रियांचे दोन गट करण्यात आले. एका गटाने आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी अर्धा तास, प्रशिक्षकांच्या नजरेखाली भारी वजनांचा व्यायाम आठ महिने केला. त्यांच्या कंबरेच्या मणक्यांची घनता सरासरी २.९ टक्क्यांनी वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्या दुसऱ्या गटाची १.२ टक्क्यांनी घटली. 'वजने उचलल्याने बायकांचे दंड पुरुषांसारखे होतील' ही भीतीही निराधार आहे. स्नायू तसे फुगविणारे टेस्टोस्टेरोन हे संप्रेरक स्त्रियांत पुरुषांच्या तुलनेने फारच अल्प असते.

म्हणून सासूबाईंनी आणि सूनबाईंनी हा अर्धा तास एकत्र काढावा, असे सुचवावेसे वाटते. त्या वेळात चहा कोण करील, हा प्रश्न पुरुषांनी सोडवावा.

साधने

या व्यायामासाठी व्यायामशाळेचे शुल्क भरण्याची गरज नाही. घरात एक चटई अंथरण्याएवढी जागा असली की झाले.

वजने: इलेक्ट्रॉनिक काटा आल्यावर अडगळीत गेलेली १, २ आणि ५ किलोंची लोखंडी वजने अनेक दुकानांत अजून पडून असतात. ती तशीच हातात धरू नयेत, निसटतात; जाड कापडाच्या, मजबूत बंदांच्या पिशवीत घालावीत. रशियात 'गिऱ्या' म्हणून ओळखले जाणारे आणि आज जगभर 'केटलबेल' या नावाने विकले जाणारे कडीचे वजन हेही मुळात बाजारात धान्य तोलण्याचेच माप होते. 'पूड' या सुमारे १६ किलोंच्या रशियन मापात ते मोजले जाई. पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली म्हणजे एक किलोचे वजन. पुढे २ ते ५ किलोंची डंबेल्सची जोडी घेतली तर सोय अधिक होते.

रबरी पट्टे: यांस बाजारात 'रेझिस्टन्स बँड' म्हणतात. रुंद सपाट पट्टी, बंद कडे आणि दोन्ही टोकांना मुठी असलेली नळी असे त्यांचे प्रमुख प्रकार आहेत. नवशिक्यांना सपाट पट्टी किंवा मुठीची नळी बरी. पट्टा जितका ताणावा तितका त्याचा विरोध वाढतो, हे त्याचे वैशिष्ट्य. त्यामुळे सांध्यांवर एकदम भार येत नाही. रंगांवरून ताण ओळखतात, परंतु प्रत्येक कंपनीची रंगपद्धती सारखी नसते. म्हणून रंग न पाहता हाताने ताणून पाहूनच निवड करावी. ऊन व उष्णता यांनी रबर खराब होते; वापरण्यापूर्वी दर वेळी पट्टा उजेडात धरून कोठे चीर वा छिद्र आहे का ते पाहावे. चीर दिसताच पट्टा टाकून द्यावा. ताणलेला पट्टा तुटून डोळ्यांवर आपटल्यास गंभीर इजा होते. येथे काटकसर नको.

हे पट्टे बहुधा रबराच्या झाडाच्या चिकापासून किंवा कृत्रिम रबरापासून बनतात. वजने उचलण्याचे कंबरपट्टे आणि हातमोजे मात्र पुष्कळदा चामड्याचे असतात. या पद्धतीत त्यांची आवश्यकताच नाही. घ्यावयाचेच झाल्यास कापडी मिळतात.

सहा हालचाली

शरीर रोजच्या व्यवहारात उठते, उचलते, ढकलते, ओढते, वाहून नेते आणि या सर्व वेळी धड स्थिर ठेवते. व्यायामही या सहांचाच करावा. प्रारंभी पाच मिनिटे जागच्या जागी चालून, खांदे व कंबर सैल करून अंग गरम करावे.

१. उठणे. खुर्चीच्या कडेला बसावे, पावले खांद्याएवढी रुंद ठेवावीत आणि हातांचा आधार न घेता उठावे. बसताना तीन अंक मोजत सावकाश बसावे. हे सहज जमू लागले की वजनाची पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरावी. तालमीतल्या बैठकांचेच हे सौम्य रूप होय.

२. उचलणे. पावलांमध्ये वजन ठेवावे. गुडघे किंचित वाकवून, पाठ सरळ ठेवून, नितंब मागे नेत कंबरेतून झुकावे. वजन शरीरालगत ठेवून पाय जमिनीत रोवत उभे राहावे. दुकानात गोणी वा खोके उचलताना कंबरेत उसण भरते ती बहुधा पाठीची कमान करून आणि ओझे अंगापासून दूर धरून उचलल्यामुळे. हा एक व्यायाम नीट शिकला तर दुकानातील मुलांनाही शिकवावा. त्यांच्या पाठीही तितक्याच मोलाच्या आहेत.

३. ढकलणे. भिंतीपासून हातभर दूर उभे राहून तळवे भिंतीवर टेकवावेत, कोपरे वाकवून छाती भिंतीजवळ न्यावी आणि परत ढकलावे. पुढे भिंतीऐवजी ओट्याची कड, मग भक्कम बाक, आणि शेवटी जमिनीवरील जोर, असे उतरत जावे. डोके ते टाच एक सरळ रेघ राहिली पाहिजे.

४. ओढणे. जमिनीवर पाय लांब करून बसावे. ते जमत नसल्यास खुर्चीवर बसून एक पाय पुढे करावा. पट्टा तळपायाभोवती घ्यावा, टोके दोन्ही हातांत धरावीत आणि कोपरे बरगड्यांलगत ठेवून मागे ओढावीत. पाठीची दोन्ही फावडी एकमेकांजवळ यावीत. पट्टा तळपायावरून निसटणार नाही याची खात्री करावी. दिवसभर वहीवर, संगणकावर आणि मोबाइलवर वाकणाऱ्यांना या हालचालीची सर्वाधिक गरज असते.

५. वाहून नेणे. दोन्ही हातांत समान वजनाच्या पिशव्या घेऊन, खांदे मागे व मान ताठ ठेवून, घरात ३० ते ४० पावले चालावे. मुठीची ताकद यातून वाढते. भारतासह १७ देशांतील सुमारे १ लाख ४० हजार लोकांचा अभ्यास २०१५ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मुठीच्या ताकदीत प्रत्येक ५ किलोंची घट असेल तर मृत्यूचा धोका सुमारे १६ टक्के अधिक, असा संबंध त्यात आढळला. नुसती मूठ बळकट केल्याने आयुष्य वाढते असा याचा अर्थ नाही. मूठ ही सर्व शरीराच्या बळाची खूण आहे, इतकाच आहे.

६. धड स्थिर ठेवणे. याचा विचार स्वतंत्रपणे करू.

धडाचा गाभा

'कोअर' हा शब्द आता घरोघरी पोहोचला आहे, परंतु त्याचा अर्थ पोटावरील चौकड्या असा घेतला जातो. गाभा म्हणजे पुढे पोटाचे थर, मागे मणक्यालगतचे स्नायू, वर श्वासपटल आणि खाली ओटीपोटाचा तळ. या चौघांनी मिळून मणक्याला चारही बाजूंनी आवळून धरावे, हे त्यांचे मुख्य काम. त्यामुळे पुन्हा पुन्हा कंबर दुमडून उठण्याच्या व्यायामापेक्षा कंबर न हलू देण्याचे व्यायाम अधिक हितकर. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात मणक्याचा दीर्घकाळ अभ्यास केलेले प्राध्यापक स्टुअर्ट मॅगिल यांनी याच तत्त्वावर तीन व्यायामांचा संच रूढ केला. त्यांपैकी दोन आणि पट्ट्याचा एक, असे तीन येथे देत आहोत.

पहिला: हात व गुडघे टेकून ओणवे व्हावे. उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे सरळ करावा. पाठीवर पाण्याचे भांडे ठेवले आहे असे समजून ती हलू देऊ नये. आठ ते दहा सेकंद थांबून बाजू बदलावी. प्रत्येक बाजूस पाच वेळा.

दुसरा: कुशीवर निजावे, कोपर खांद्याच्या खाली ठेवावे, गुडघे दुमडलेले असावेत. कंबर जमिनीवरून उचलून दहा सेकंद धरावी. प्रत्येक बाजूस तीन ते पाच वेळा. जमू लागल्यावर पाय सरळ ठेवून करावा.

तिसरा: पट्टा छातीच्या उंचीवर खिडकीच्या भक्कम गजाला, कड धारदार नाही हे पाहून, अडकवावा. खिडकीकडे कूस करून उभे राहावे, पट्टा दोन्ही हातांनी छातीशी धरावा आणि सरळ समोर ढकलावा. पट्टा आपल्याला खिडकीकडे वळवू पाहतो. आपण वळू नये. तीन सेकंद थांबून परत यावे. प्रत्येक बाजूस आठ ते दहा वेळा.

किती आणि कसे वाढवावे?

आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान एक दिवस सोडून. पहिल्या चार हालचालींची प्रत्येकी ८ ते १२ आवर्तने, अशा दोन फेऱ्या. वाहून नेण्याच्याही दोनच फेऱ्या. फेऱ्यांमध्ये एक ते दोन मिनिटे विसावा. एकूण वेळ तीस ते चाळीस मिनिटे. वजन इतके असावे की शेवटची दोन-तीन आवर्तने कष्टाने, पण शिस्त न मोडता पूर्ण व्हावीत. बारा आवर्तने गप्पा मारत होत असतील तर ते वजन आपल्यासाठी अपुरे आहे.

येथेच बहुतेकांचा व्यायाम अडतो. दोन किलोंच्या डंबेल्सनी प्रारंभ करतात आणि दोन वर्षांनीही हातात तीच असतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी लष्करी रुग्णालयात जखमी सैनिकांवर उपचार करणारे डॉक्टर थॉमस डिलॉर्म यांनी १९४५ मध्ये हे तत्त्व वैद्यकशास्त्रापुढे मांडले: बळ हवे असेल तर भार क्रमाक्रमाने वाढत गेला पाहिजे. सलग दोन वेळा दोन्ही फेऱ्यांत बारा आवर्तने नीट झाली की थोडेसे वजन वाढवावे किंवा अधिक ताणाचा पट्टा घ्यावा, आणि पुन्हा आठ आवर्तनांपासून सुरू करावे. पहिल्या काही आठवड्यांत जो फरक जाणवतो तो मुख्यतः मेंदू व मज्जातंतू त्या हालचालीस सरावल्याने. स्नायूंची वाढ त्यानंतर हळूहळू दिसते. महिन्याभरात आरशात काही दिसले नाही म्हणून सोडून देणे म्हणजे पेरणी करून पंधरा दिवसांत शेत मोडणे होय.

जोर लावताना श्वास सोडावा, परत येताना घ्यावा. श्वास कोंडून जोर लावल्यास रक्तदाब एकदम वाढतो.

'अंड्यावाचून अंग भरत नाही'

व्यायामशाळेत जाणाऱ्या आपल्या तरुणांना हे वाक्य वारंवार ऐकावे लागते. कोणी ते हसण्यावारी नेतात, कोणी मनातून खचतात, आणि काही घरांत यावरून पिता-पुत्रांत अबोला येतो. म्हणून हा हिशेब आकड्यांत मांडलेला बरा.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये प्रौढांसाठी दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस केली. वयस्कांसाठी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०१३ मध्ये १ ते १.२ ग्रॅम सुचविले आहे. म्हणजे साठ किलोंच्या व्यक्तीने ६० ग्रॅमचे उद्दिष्ट धरावे. सकाळी ६० ग्रॅम मूगडाळीची धिरडी (१४ ग्रॅम) आणि पेलाभर दूध (६ ग्रॅम). दुपारी ४० ग्रॅम डाळीचे वरण (९ ग्रॅम) आणि तीन-चार पोळ्या (१० ग्रॅम). सायंकाळी सूर्यास्तापूर्वी ७५ ग्रॅम पनीर (१३ ग्रॅम), दोन भाकरी (५ ग्रॅम) आणि मूठभर शेंगदाणे (६ ग्रॅम). बेरीज साठाच्या थोडी वरच येते. यात अंडे नाही, कंदमूळ नाही, आणि कच्चे दही व डाळ एकत्र येत नसल्याने द्विदलाचाही प्रश्न नाही. डाळ आणि धान्य दिवसभरात दोन्ही पोटात गेली की एकातील उणीव दुसरे भरून काढते.

खरी अडचण वेगळीच आहे. आपल्या ताटात पोळी-भात-फरसाण भरपूर आणि डाळ वाटीच्या तळाशी असते. पातळ वरणाची वाटी ही प्रथिनांची वाटी नव्हे. भुकटीचे डबे घेण्यापूर्वी डाळ घट्ट करून पाहावी. भुकटी वा जीवनसत्त्वे घ्यावयाचीच असल्यास वेष्टन वाचावे: कॅप्सूलचे आवरण पुष्कळदा जिलेटिनचे, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून बनलेले असते आणि ड-३ जीवनसत्त्व सहसा मेंढीच्या लोकरीतील मेणापासून काढतात, दगडफुलासारख्या वनस्पतिसदृश स्रोतापासून बनविलेलेही आता मिळते. सतत थकवा, हातापायांना मुंग्या अशी लक्षणे असल्यास ब-१२ ची रक्ततपासणी करून घ्यावी. शाकाहारी घरांत ही उणीव वारंवार आढळते.

वेळ आणि तप

ज्यांना चौविहाराचे पच्चक्खाण असते त्यांनी रात्री दुकान बंद करून आल्यावर घाम निघेल असा व्यायाम करू नये. पाणी घेता येत नाही. नवकारशीपूर्वीची वेळही त्याच कारणाने अनुकूल नाही. नवकारशीनंतर पाणी व थोडा आहार घेऊन, अर्ध्या-पाऊण तासाने, दुकान उघडण्यापूर्वी केलेला व्यायाम सर्वांत सोयीचा. ज्यांचे सकाळी जमत नाही त्यांनी सायंभोजनापूर्वीचा अर्धा तास पाहावा.

उपवासाच्या दिवशी वजने उचलू नयेत. एकासणे, बियासणे असल्यास हलका पट्ट्याचा व्यायाम चालेल. आयंबिलात डाळींचे प्रमाण वाढवावे. अठ्ठाई वा त्याहून दीर्घ तप झाल्यास पारण्यानंतरचा पहिला आठवडा केवळ फिरावे, दुसऱ्या आठवड्यात निम्म्या वजनाने प्रारंभ करावा. दीर्घ उपवासात चरबीबरोबर काही स्नायूही खर्ची पडतात. पारण्यानंतर नुसते वजन परत येणे पुरेसे नाही, स्नायू परत आले पाहिजेत, आणि त्यासाठी व्यायाम व प्रथिने दोन्ही लागतात. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी तप आणि व्यायाम यांचा मेळ डॉक्टरांना विचारल्यावाचून घालू नये. साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते.

सावधगिरी

हृदयविकार, आटोक्यात नसलेला रक्तदाब, हर्निया, मधुमेहामुळे डोळ्यांच्या पडद्याला झालेली इजा, नुकतीच झालेली कोणतीही शस्त्रक्रिया, गर्भारपण वा बाळंतपण यांत प्रथम वैद्यकीय सल्ला घ्यावा. हाडे ठिसूळ असल्याचे निदान झालेल्यांनी पाठ पुढे दुमडण्याचे व्यायाम टाळावेत आणि प्रारंभीचे काही दिवस फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिने स्वतःच्या मनाने वाढवू नयेत. व्यायामानंतर एक-दोन दिवस अंग आंबणे स्वाभाविक आहे. छातीत दुखणे, चक्कर, सांध्यात टोचल्यासारखी तीव्र वेदना किंवा पायात उतरणारी कळ मात्र स्वाभाविक नाही, लगेच थांबावे.

शेवटी एक सूचना, जी आपल्या वाचकांना सांगण्याची वस्तुतः गरज नसावी. एक लहान वही करावी. तारीख, व्यायाम, वजन आणि आवर्तने, एवढे चारच रकाने. घरातील प्रत्येकाचे एक पान. पहिल्या ओळीत खुर्चीच्या चाचणीचा आजचा आकडा लिहावा आणि तीन महिन्यांनी तीच चाचणी पुन्हा घ्यावी. आकडा वाढला असल्यास आम्हाला अवश्य कळवावे; वाढला नसल्यास चारही रकान्यांची पाहणी करावी. बहुधा तिसऱ्या रकान्यातील वजन पहिल्या दिवसापासून बदललेले नसते.

पुढील अंकी: गुडघेदुखी असताना जमिनीवर बसणे सोडावे काय?